मित्राच्या पागेवर

फाटकातून आत शिरायच्या आधीच मित्राने मुलांना थांबवून बजावलं: घोड्याच्या मागून कुणी जायचं नाही आणि पुढूनही एकदम तोंडाशी हात न्यायचा नाही. खांद्याच्या बाजूने जायचं, तेही बोलत बोलत. धाकट्याला कारण हवं होतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे जवळजवळ चहूकडचं त्याला एकाच वेळी दिसतं. दिसत नाही ते बरोब्बर शेपटीमागचं आणि थेट कपाळासमोरचं. तोंडाशी धरलेलं गाजरसुद्धा तो ओठांनी आणि मिशांनी चाचपून ओळखतो. "एवढं धूड आणि नाकाखालचं दिसत नाही!" धाकटा म्हणाला. "आपल्या घरात काय वेगळं आहे?" इति सासूबाई. नवऱ्याने ऐकलं नाहीसं दाखवलं.

*

शिरूरजवळ, घोडनदीच्या खोऱ्यात मळा. नावाचा योगायोग मित्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आम्हालाही सांगितला. ऊस, थोडा कांदा, आणि विहिरीपलीकडे कडुलिंबांच्या सावलीत पागा. मारवाडी घोड्या, त्यांतल्या एकीचं नुकतंच झालेलं शिंगरू, रेसमधून निवृत्त झालेला एक थरोब्रेड आणि एक भीमथडी तट्टू.

मारवाडीचे कान बघत बसावेत असे. टोकं आत वळलेली. दोन्ही कान टवकारले की टोकाला टोक भिडतं. आणि हे कान जागच्या जागी फिरतात, एक आपल्याकडे, दुसरा विहिरीच्या मोटारीकडे. मामा (पागेवरचे मोतद्दार; सगळे त्यांना मामाच म्हणतात) तोंडाकडे न बघता कानांकडे बघून बोलतात. कान मागे चिकटले की मामा गप्प आणि दोन पावलं लांब.

*

भीमथडीबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. बुटकं, रुंद छातीचं, आयाळ विस्कटलेली. मुलं सरळ त्याला ओलांडून उंच घोड्यांकडे धावली. वास्तविक दख्खनच्या मुलखात मराठ्यांच्या फौजा हिंडल्या त्या मोठ्या प्रमाणात असल्याच जनावरांवर. सरदारांकडे अरबी, तुर्की घोडे असत, पण कमी दाण्यावर, मिळेल त्या चाऱ्यावर घाट चढणारं तट्टू ते हे. आजही धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हेच चालतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने आता त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, म्हणजे कागदावर तरी मान मिळाला. चौकाचौकातल्या पुतळ्यांखाली मात्र हे तट्टू दिसायचं नाही. तिथे मानेची कमान केलेला उंचापुरा घोडाच लागतो.

*

आमच्या नशिबाने नालबंद आलेला होता. सकाळचा बहुतेक वेळ आम्ही तिथेच काढला. मोठी तर हललीच नाही.

चामड्याचा फडका कमरेला बांधून तो घोडीच्या पुढच्या पायाशी पाठमोरा उभा राहिला, खांद्यापासून खाली हात फिरवत नेला आणि घोट्याशी चिमटा काढल्यासारखं केलं. घोडीने आपण होऊन पाय उचलला. तो त्याने दोन गुडघ्यांत धरला. जुन्या नालेचे खिळे एकेक करून उपटले, नाल निघाली, आणि खुराचा तळ उघडा पडला: मधोमध रबरासारखा मऊ त्रिकोण, दोन्ही बाजूंच्या खाचांत चिकटलेली लीद आणि माती. ती त्याने आकडीने कोरून काढली आणि वास घेतला. खाच सडू लागली असेल तर नाकाला आधी कळतं, म्हणाला. मग पाते चालवून वाढलेला खूर तासला. चंद्रकोरीसारखे पांढरट काप खाली पडत होते आणि मळ्यातलं कुत्रं ते पळवून नेत होतं.

"दुखत नाही?" मोठीने विचारलं. "तुला नखं काढताना दुखतं का?" तो म्हणाला. पण त्याच्या कामातली खरी मेख पुढे होती. नाल बसवताना खिळा खुराच्या बाहेरच्या कडेतूनच गेला पाहिजे. ती कड मेलेली. तिच्या आत काडीभर अंतरावर जिवंत मांस. खिळा जरा आत शिरला की घोडा लंगडला. म्हणून खिळ्याचं टोक मुद्दाम एका बाजूने तासलेलं असतं, ठोकल्यावर ते आपोआप बाहेरच्या अंगाला वळतं आणि खुराच्या भिंतीतून वर डोकावतं. ते मुरगाळून तोडायचं, उरलेलं दुमडून कानशीने घासायचं. ठोकताना नालबंद हातोडीच्या आवाजाकडे कान देऊन होता. आवाज बद्द आला की खिळा काढायचा आणि पुन्हा मारायचा. एकदा त्याने तसा काढलाही. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

खूर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. दीड-दोन महिन्यांनी हे सगळं पुन्हा. तालुक्यात असे नालबंद आता फार उरलेले नाहीत, त्यामुळे मित्र त्याची मर्जी जावयासारखी सांभाळतो. चहा दोनदा झाला.

*

"घोडा पायांवर आणि पोटावर जगतो, बाकी सगळी शोभा," मित्र म्हणतो.

पोटाचं असं, की घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट, की आत गेलेलं वरून परत यायची सोयच नाही. देह साडेचारशे-पाचशे किलोंचा आणि जठर जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. म्हणून दाणा थोडा थोडा, पुन्हा पुन्हा. कधी नव्हे ते जास्त खाल्लं, बुरशीचा कडबा पोटात गेला, पाणी कमी पडलं, की पोटशूळ. घोडा मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघायला लागतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, घाम फुटतो, लोळतो. आतडं पिळलं गेलं तर वेळ फार थोडा असतो.

गेल्या हिवाळ्यात एका घोडीचं असं झालं तेव्हा मित्राने डॉक्टर येईपर्यंत रात्रभर तिला चालवलं आणि मधून मधून कुशीला कान लावून आतड्यांची गुडगुड ऐकली. गुडगुड असली तर बरं, शांतता वाईट. वहिनी म्हणाल्या, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत हे गाढ झोपले होते."

मामा सकाळी उठल्यावर पहिल्यांदा घोडा बघत नाहीत, लीद बघतात. किती, कशी, ओली की कोरडी. सासूबाईंना हे फार पटलं. त्यांची सगळी वैद्यकी इथूनच सुरू होते.

*

गाजर द्यायची रीत: तळहात सपाट, अंगठा आत. बोटं पुढे केली तर घोड्याच्या लेखी तीही गाजरंच.

*

शिंगरू. अकरा महिने पोटात काढून ही पोरं बहुतेक रात्रीच जन्मतात आणि तासा-दीड तासात उभी राहतात. पाय जवळजवळ मोठ्या घोड्याएवढे लांब, मान आखूड. जमिनीवरचं गवत हुंगायचं तर पुढचे दोन पाय फाकवून तिवई करावी लागते. धाकट्याने तसं करून बघितलं.

मग शिंगराने आईची लीद खाल्ली. सासूबाई "शी शी, हाकला त्याला" म्हणत उठल्या. मामांनी थांबवलं. पहिल्या काही आठवड्यांत शिंगरू ती खातंच. चारा पचवणारे जंतू तिच्यातूनच त्याच्या पोटात जातात. धाकट्याचा दिवस सार्थकी लागला. शाळेत काय सांगायचं ते ठरलं.

*

थरोब्रेडचं रेसमधलं नाव लांबलचक, इंग्रजी, एखाद्या परफ्यूमला शोभेलसं. इथे तो बाबू. या जातीच्या जगभरातल्या घोड्यांची पितृवंशावळ तीनच वळूंपाशी जाऊन थांबते: डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. जन्म कधीही होवो, रेसच्या हिशेबात आपल्याकडे वय १ जानेवारीला वाढतं. दुसऱ्या वर्षी पळायला लागतात, आणि बहुतेकांचं पळणं पुढच्या थोड्या वर्षांतच आटोपतं. घोडा मात्र पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. उरलेल्या आयुष्याचं काय, हा प्रश्न स्टँडमधल्या किती जणांना पडतो?

काहींचं उत्तर औषधात निघालं. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिनकडे जात, घोड्यांच्या रक्तातून प्रतिद्रव्य काढण्यासाठी. त्यातूनच आपणच सिरम का बनवू नये, हा विचार आला आणि १९६६ साली पुण्यात सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सर्पविषावरचं इंजेक्शनही असंच होतं: घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अगदी थोडं थोडं वाढवत टोचायचं आणि त्याच्या रक्तात तयार झालेलं संरक्षण वेगळं काढायचं. आमचे एक चुलत सासरे घोणस चावूनही वाचले. ते सांगितल्यावर सासूबाई उठल्या आणि पदर सावरून, खांद्याच्या बाजूनेच, बाबूजवळ गेल्या. तो उडत्या प्लास्टिकच्या पिशवीला घाबरून आधीच थरथरत होता. भीमथडी त्याच पिशवीवर पाय देऊन उभं होतं.

*

नवरा घोडीवर बसला. रवाळ चाल इतकी सपाट, की हातातला चहा सांडू नये. उतरल्यावर तो दोन पायांत अंतर ठेवून चालत होता. अधिक लिहीत नाही.

*

संध्याकाळी सारंगखेड्याच्या बाजाराची गोष्ट निघाली. नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी, दत्तजयंतीला भरणारा. तिथे घोडा बघताना गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग भोवरे. अंगावरच्या केसांचा भोवरा कुठे आहे त्यावरून मालकाचं बरंवाईट ठरतं. गळ्यावरचा देवमण असला तर किंमत चढते, अशुभ जागी असला तर धडधाकट घोडाही पडून राहतो. मित्राचा यावर काडीचा विश्वास नाही, पण विकत घेताना भोवरे तो स्वतःही बघतो. पुढे विकायचा तर गिऱ्हाईक बघणारच ना! सगळ्या अंधश्रद्धा अशाच टिकत असाव्यात: मानणारे थोडे, आणि मानणाऱ्यांचा हिशेब ठेवणारे पुष्कळ.

वरातीला मात्र तो घोडी देत नाही. लग्नसराईत रोज फोन येतात, पैसेही बरे मिळतात. पण डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांत, सगळीकडून गर्दी असताना त्या कानांचं काय होत असेल? नाचायला शिकवलेला घोडा बघून लोक टाळ्या वाजवतात. मलाही पूर्वी गंमत वाटायची. मित्राला त्यात घाबरलेला घोडा दिसतो.

*

निघताना धाकट्याने हिशेब काढला. गाय दूध देते, कोंबडी अंडी देते. "काका, घोडा काय देतो?"

"लीद," वहिनी आतून म्हणाल्या. "उसाचं बिल आलं की निम्मं या मंडळींच्या तोबऱ्यात, आणि परत उसाला लीद. तुझ्या काकांना वाटतं ते घोडे पाळतात. घोडे ऊस पाळतो, आणि ऊस मी."

मित्र हसत डिकीत दुसरं पोतं कोंबत होता. आमच्या गच्चीवरच्या गुलाबांसाठी.