नकाशातील एक नाव

शाळेतील इतिहासाच्या वर्गासाठी इ. स. १२०४ मधील दक्षिणेचा एक मोठा भिंतीवरील नकाशा मी स्वतःच काढावयास घेतला होता. सालाच्या निवडीचे कारण घरचेच. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती त्या साली उभी राहिली आणि आमच्या मुलांनी ती पाहिलेली आहे. सह्याद्री झाला, नद्या झाल्या. प्रदेशांची नावे घालण्याची वेळ आली आणि हाताने, मला न विचारताच म्हणा ना, बेळगावावर पेन्सिलीने ‘महाराष्ट्र’ असे लिहिले.

१९५६ नंतर ज्या घरांनी या एका शब्दासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले, त्यांच्यातच मी वाढलो. हात तिकडे का वळला, हे वाचकांना सांगावयास नको. परंतु ज्या रट्ट राजाच्या, म्हणजे चौथ्या कार्तवीर्याच्या, मंत्र्याने ती बस्ती बांधविली, त्या रट्टांचा मुलूख शिलालेखांत ‘कुंडी ३०००’ म्हणून येतो आणि आपले गाव ‘वेणुग्राम’ म्हणून. शेजारी गोव्याच्या कदंबांचे ‘पलसिगे १२०००’; घाटाखाली त्यांचेच ‘कोंकण ९००’. उत्तरेस देवगिरीच्या यादवांचा ‘सेउणदेश’. हे आकडे गावांचे की महसुलाचे, यावर विद्वानांचे एकमत नाही; पण आडनावासारखे ते नावाला चिकटलेले असतात.

महाराष्ट्र हे नाव तेव्हा नव्हते, असे मात्र नव्हे. ६३४ सालच्या ऐहोळे येथील शिलालेखात नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा उल्लेख आहे. उलट नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ कन्नड देशाची सीमा थेट गोदावरीला नेऊन भिडवितो. ज्याला जे हवे ते सापडते, हीच तर पंचाईत! पण माझा नकाशा १२०४ चा होता. मी रबर घेतले. ते अक्षर पुसताना मला बरे वाटले नाही, हे कबूल करतो.

पुढील आठवड्यात एका विद्यार्थ्याचे आजोबा शाळेत आले. सीमालढ्यात तुरुंगवास भोगलेले गृहस्थ. नकाशापुढे बराच वेळ उभे राहून म्हणाले, “मास्तर, आपलं नाव तुम्हीच पुसलंत?”

मी त्यांना बस्तीची आणि रट्टांची हकिकत सांगितली.

“मग इथं कर्नाटक तरी लिहिलंय काय?”

“नाही आजोबा. इथं कुंडी.”

ते काही बोलले नाहीत. बोट खाली सरकवीत ‘पलसिगे’वर थांबले. ती खानापूर तालुक्यातील हलशी, असे मी म्हणताच त्यांनी मान वर केली. हलशी त्यांचे आजोळ निघाले.

“अक्षर जरा मोठं काढा की,” ते म्हणाले, “चष्म्यातनं दिसत नाही.”