गप्प बसलेल्याची वाट किती पाहायची?

"तू नक्की काय काम करतोस रे?" हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात मला एकदा तरी येतोच. "कॉम्प्युटरमध्ये आहे" या उत्तरावर आता मावशीचंही समाधान होत नाही. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. (याच क्षेत्रातल्या मंडळींनी जरा सांभाळून घ्या.)

माझं काम वाहत्या माहितीचं. नोंदी साठवून महिनाअखेरीला हिशेब करायचा नाही, त्या येत असतानाच करायचा. त्यासाठी आम्ही फ्लिंक नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याचं मूळ बर्लिनमधल्या विद्यापीठीय संशोधनात आहे, आणि जर्मन भाषेत 'फ्लिंक' म्हणजे चपळ. पण हे चपळ गडी कधीकधी ढिम्म होऊन बसतात. आपल्याला वाटतं, काम झेपत नाहीये. प्रत्यक्षात ते कुणाची तरी वाट पाहत असतात.

गंमत अशी, की या सॉफ्टवेअरला दोन घड्याळं असतात. एक आपलं भिंतीवरचं. दुसरं नोंदींमधलं. प्रत्येक नोंदीवर ती घटना कधी घडली ते लिहिलेलं असतं, आणि त्या वेळा जशा पुढे सरकतात तसं हे घड्याळ सरकतं. नोंदी वाटेत रेंगाळतात, मागेपुढे होतात, त्यामुळे हिशेबाला हे दुसरंच घड्याळ बरं. 'या वेळेपर्यंतचं सगळं आलं' अशी जी खूण पुढे पाठवली जाते तिला वॉटरमार्क म्हणतात. (गूगलच्या मिलव्हील या यंत्रणेवरच्या २०१३ सालच्या निबंधातही ही कल्पना आहे.) आणि नोंदींच्या धारा अनेक असतील तर सगळ्यांत मागे असलेल्या धारेची वेळ हीच सगळ्यांची वेळ!

म्हणजे पंगतच की. शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिला घास घ्यायचा नाही. छान रीत आहे. पण हात धुवायला गेलेला पाहुणा मागच्या दाराने घरी निघून गेला असेल तर?

नेमकं हेच एकदा पाहायला मिळालं. काम होतं दूध शीतकरण केंद्रांचं. दूध साधारण ४ अंशांवर ठेवायचं, प्रत्येक केंद्राच्या टाकीचं तापमान मिनिटामिनिटाला येत राहायचं, प्रत्येक केंद्राची धारा वेगळी. नियम साधा होता: एखाद्या केंद्राकडून १० मिनिटं नोंद आली नाही तर फोन वाजवा. पावसाळ्यातल्या एका रात्री एका केंद्राची वीज गेली, पाठोपाठ रेंजही गेली. नोंदी थांबल्या.

फोन काही वाजला नाही.

कारण ती १० मिनिटं मोजायची होती नोंदींच्या घड्याळावर, आणि ते घड्याळ त्याच गप्प केंद्रापाशी अडकलेलं. जो बोलत नाही त्याची काळजी करायला ठेवलेला टायमर त्याच्याच बोलण्याची वाट पाहत बसला! बरं, एवढ्यावर भागलं नाही. बाकीच्या केंद्रांचेही टायमर थांबले. त्यांच्या नोंदी येत होत्या आणि नुसत्या साठत होत्या.

सकाळी रेंज आली. रात्रभर अडलेलं घड्याळ काही क्षणांत कित्येक तास पुढे धावलं आणि सगळ्या केंद्रांचे साठलेले टायमर एकदम उठले. फ्लिंकमध्ये कामाच्या एका वाट्याला वाढपी एकच. टायमर वाजल्यावरचं काम आणि नव्या नोंदी, दोन्ही त्यानेच पाहायचं. सगळ्या पंगतीने एकाच वेळी मठ्ठा मागितला तर नव्या पानांवर वाढणार कोण? नव्या नोंदी दाराशी खोळंबल्या, रांग मागे मागे पार उगमापर्यंत गेली. पडद्यावर दिसत होतं ते एवढंच की कामाचा वेग पडलाय. मग काय, अख्खी सकाळ मशीन वाढवण्याच्या गोष्टी चालल्या. मठ्ठ्याचा मारा आवरायला छोटे उपाय असतात. दर नोंदीला नवा टायमर लावताना वेळ पूर्ण मिनिटाला गोल केली, तर एका केंद्राचे बरेच टायमर एकात मिसळतात. पण मूळ दुखणं वेगाचं नव्हतंच, वाट पाहण्याचं होतं.

दूध वाचलं. केंद्रावरच्या माणसाने रात्री उठून जनरेटर लावला म्हणून.

यावर औषध आहे. २०२० साली आलेल्या १.११ आवृत्तीपासून फ्लिंकला सरळ सांगता येतं, की एखादी धारा अमुक वेळ गप्प राहिली तर तिला मोजू नकोस, बाकीच्यांना जेवू दे. पण सगळ्याच धारा गप्प झाल्या तर घड्याळ ढकलणार कोण? म्हणून शांततेवर पहारा ठेवायचा तर भिंतीवरचंच घड्याळ लागतं. हिशेब मात्र त्याच्यावर सोपवता येत नाही. सॉफ्टवेअर बंद पडून पुन्हा सुरू झालं की मागच्या नोंदी भराभर वाचतं, आणि भिंतीवरच्या घड्याळाला त्या सगळ्या आत्ताच घडल्यासारख्या वाटतात.

आता खरा प्रश्न. 'अमुक वेळ' म्हणजे किती?

जास्त ठेवली तर सगळे खोळंबतात. कमी ठेवली तर पंगत उठते, आणि मग ते केंद्र रात्रभराच्या जपून ठेवलेल्या नोंदी घेऊन येतं तेव्हा तासातासाच्या सरासरीत त्यांना जागाच नसते. उशिरा आलेल्यांना बाजूला वाढून ठेवा असं मुद्दाम सांगितलं नसेल तर त्या चक्क टाकून दिल्या जातात. आणि उशीर नेहमी कुणाला होतो? जिथे वीज जाते, रेंज जाते, त्यालाच. ज्याची रात्र सगळ्यांत वाईट गेली, त्याचीच हकीकत हिशेबातून गळते, आणि हिशेब मात्र कसा छान, वेळेवर, नीटनेटका दिसतो.

फाईलमध्ये हा आकडा एका ओळीत मावतो आणि बरेचदा तो आमच्यासारखे, रेंज कधी न जाणाऱ्या खोलीत बसलेले लोक ठरवतात. हल्ली मी तो लिहिण्याआधी विचारून घेतो, तुमच्याकडे वीज गेली तर किती वेळ जाते? उत्तर ऐकून आकडा जवळजवळ दरवेळी बदलतो.

तर मावशी, मी हे काम करतो. कुणाची किती वाट पाहायची ते ठरवतो, आणि उशिरा येणाऱ्याचं पान झाकून ठेवतो.