माई येणार आहे

यंदा आमच्या लग्नाला 50 वर्षे होतात. धाकट्याने पुण्याहून फोनवर जाहीर केले, "बाबा, या वेळी स्पार्कलिंग वाईन उघडायची. कोणती ते तुम्ही ठरवा." विष्णुपुरीत राहणाऱ्या, वारकऱ्याच्या घरात जन्मलेल्या निवृत्त मास्तरावर हे काम! पण तयारी न करता वर्गावर जायची सवय नाही. वाचायला बसलो.

शॅम्पेन म्हणायचे ते फक्त फ्रान्सच्या त्या नावाच्या प्रांतातल्या वाईनला. आपली ती स्पार्कलिंग. तिलाही इतिहास आहे बरं का! 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यात नारायणगावला फ्रेंच पद्धतीने ती काढली आणि 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी पाठवली. आता ती कंपनी राहिली नाही. आजची नावे बहुतेक नाशिककडची: सुला, यॉर्क, दिंडोरीची शांदों.

तयार वाईन बाटलीत भरताना पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि वायू आतच कोंडतो. मग बाटल्या हळूहळू उलट्या करून गाळ मानेशी आणतात, मान गोठवतात आणि गाळ बाहेर उडवतात. आतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणून बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. सिनेमात दाखवतात ते सगळे चूक.

नावांची गंमत पाहा, 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूट'पेक्षा गोड! ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, डेमी-सेकमध्ये 32 ते 50. बासुंदीबरोबर ब्रूट आंबट लागणार, भज्यांबरोबर चालेल. मी ब्रूट लिहून ठेवली. एका बाटलीत सहा पेले, म्हणजे वीस जणांना चार बाटल्या.

सुलाचे मळे गंगापूर धरणाजवळ, म्हणजे गोदावरीकाठीच. तेच पाणी जायकवाडीतून आमच्या शंकरसागरात येते (वरच्यांनी सोडले तर!). हे मी कौतुकाने सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "पाण्याचं राहू द्या. माई येणार आहेत ना?"

माई माझी थोरली बहीण. मेहुणे 1988 साली दारूपायी गेले. त्याआधी शेत गेले, बैल गेले. वाईन वेगळी, हातभट्टी वेगळी, हे मला समजावता येते. जन्मभर समजावण्याचेच काम केले. पण माईला काय समजावणार?

मुलगा म्हणाला, "आत्याला आतल्या खोलीत बसवू." हे मला अजिबात पटले नाही. आमचे वडील लवकर गेले. माझे लग्न माईने लावले, मेहुण्यांपासून लपवून ठेवलेल्या पाटल्या मोडून. ती आतल्या खोलीत बसणार?

मग सरळ तिलाच फोन लावला. सगळे ऐकून घेतले तिने. बराच वेळ गप्प होती. म्हणाली, "बाळ्या, पोरायला पिऊ दे. पण पेला तुझ्या हातात दिसला तर मी पानावर बसणार न्हाई."

सुला की शांदों, ते आता मुलगा ठरवील. आम्हा तिघांसाठी काळ्या द्राक्षांचा रस सांगितला आहे. चार बाटल्या आणि बासुंदीचे पातेले आमच्या फ्रिजमध्ये मावणार नाही, तेव्हा बासुंदी शेजारी ठेवावी लागेल.