लोकांना गातं करणारा गळा

चळवळीचं गाणं कलेच्या हिशेबात दुय्यम, असं संगीताच्या वर्तुळात सर्रास बोललं जातं. निरोप पुढे आला की सूर मागे पडतो, हा त्यामागचा समज. गाणं शिकवणारा म्हणून मला हा समज नुकसानकारक वाटतो, आणि तो खोडून काढायला अमेरिकेतल्या बर्निस जॉन्सन रीगन यांच्या कारकिर्दीसारखं दुसरं उदाहरण नाही. गायिका, नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्या, इतिहासकार, रेडिओमालिकेच्या शिल्पकार अशा त्यांच्या अनेक ओळखी सांगितल्या जातात. माझ्या मते ही सगळी कामं मुळात एकच होती. ज्यांची बातमी कोणी छापत नाही, त्यांचं म्हणणं गाण्यातून पोचवायचं. त्यांची कलाही याच कामानं घडवली.

रीगन यांचा जन्म १९४२चा, जॉर्जिया राज्यात ऑल्बनी शहराजवळचा. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. लहानपणी त्यांच्या चर्चमध्ये पियानोसुद्धा नव्हता. टाळ्या आणि पायांचा ठेका हीच साथ. डिसेंबर १९६१मध्ये ऑल्बनीत वर्णभेदाविरुद्ध मोर्चे निघाले, शेकडो लोक पकडले गेले. रीगनही तुरुंगात गेल्या आणि कॉलेजातून काढल्या गेल्या. तिथला पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट हुशार होता. कॅमेऱ्यांसमोर लाठी उगारायची नाही, माणसं मुकाट्यानं आसपासच्या तुरुंगांत पोचवायची, ही त्याची रीत. रक्त सांडलं नाही की बातमीही मोठी होत नाही. मग १९६२मध्ये ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेनं चौघांचा ‘फ्रीडम सिंगर्स’ हा संच उभा केला. कॉर्डेल रीगन, रूथा हॅरिस, चार्ल्स नेब्लेट आणि बर्निस यांनी मोटारीनं हजारो मैल पालथे घातले. दोन गाण्यांच्या मध्ये दक्षिणेत काय चाललंय ते सांगायचं आणि संघटनेसाठी पैसे गोळा करायचे. हे चालतंबोलतं वार्तापत्रच होतं.

यातलं कसब जवळून पाहण्यासारखं आहे. सभेत गाणं उचलणाऱ्या बाईला पट्टी अशी धरावी लागते की म्हातारीला आणि नुकता आवाज फुटलेल्या पोराला एकाच वेळी ती झेपावी. पहिली ओळ एकटीनं, पण दुसरीवर सभागृह आलंच पाहिजे. चाल चर्चमधली, म्हणजे सगळ्यांच्या तोंडात बसलेली. शब्द मात्र त्या दिवसाचे. १९६२च्या उन्हाळ्यात ऑल्बनीच्या सभांमध्ये असं एक गाणं गात होते, ज्याच्या कडव्यात आपल्याला अडवणाऱ्याचं नाव घालायला जागा होती. त्या जागी लोक प्रिचेटचं नाव घालत. इथे गायिकेनं हरकती-मुरक्यांचा सोस केला, तर लोक गायचे थांबून ऐकायला लागतात, आणि काम तिथेच फसतं. स्वतःचा गळा एवढा आवरून हजारोंचा गळा मोकळा करणं ही सोपी विद्या नव्हे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, प्रसंग सरला की असं गाणं मरतं. बातमी शिळी होते हे खरं, पण कसब टिकतं. रीगन यांनी १९७३मध्ये स्थापन केलेल्या ‘स्वीट हनी इन द रॉक’ या बायकांच्या संचानं वाद्यांवाचून, केवळ आवाजांच्या गुंफणीवर दशकानुदशकं मैफिली गाजवल्या. पुढे कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेत गाणं पोचवणारी सहकारीही या संचाचा भाग झाली. म्हणजे निरोप पोचवण्याचा ध्यास इथेही सुटला नाही. १९७५मध्ये त्यांनी हॉवर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. १९९४च्या ‘वेड इन द वॉटर’ या २६ भागांच्या मालिकेनं आफ्रिकन-अमेरिकन धर्मसंगीताचा इतिहास रेडिओवर आणला. दुसरा आक्षेप, गाण्यानं कायदे बदलत नाहीत. कबूल; १९६४चा नागरी हक्क कायदा संघटना, मोर्चे आणि बलिदानांतून आला. पण नोकरी जाण्याच्या भीतीनं गप्प असलेल्या माणसाला चारचौघांत तोंड उघडायला लावणं, ही त्या संघटनेची पहिली पायरी होती, आणि ती गाण्यानं बांधली. तिसरा, घोषणाबाज गाणी रटाळ असतात. असतातच. पण रटाळ भजनांचा दोष आपण भक्तीला देत नाही, मग इथे तो निरोपाच्या माथी का मारायचा? दोष कच्च्या तयारीचा असतो.

मराठी कानाला हे परकं वाटू नये. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानं वस्त्यावस्त्यांत हेच केलं, तरी संगीताच्या चर्चेत त्याला कोपऱ्यातलीच जागा मिळते. श्रोत्यांसमोर कसं गावं हे आपण वर्षानुवर्षं शिकवतो. श्रोत्यांना गायला कसं लावावं हे शिकवतच नाही. ते वर्गात आणलं पाहिजे. पट्टी निवडणं, पहिली ओळ टाकणं, वेळेवर मागे सरणं यांचीही राग-तालाइतकीच कसून तालीम झाली पाहिजे. अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसांना चांगलं गाणं मिळणं हा त्यांचा हक्क आहे आणि ते देणं ही आम्हा गाणाऱ्यांची जबाबदारी.