यातला आपला कोणता?

आमच्या खराडीच्या सोसायटीत निवृत्त मंडळींचे दोन वर्ग आहेत. मुलगा अमेरिकेत असलेले आणि मुलगा कॅनडात असलेले. पहिले नायगाऱ्याचे फोटो दाखवतात. दुसरेही नायगाऱ्याचेच दाखवतात, फक्त पलीकडच्या काठावरून. मी दुसऱ्या वर्गातला. पण गेल्या हिवाळ्यात माझ्यावर जरा वेगळी कामगिरी आली. ब्रॅम्प्टनचा आमचा दहा वर्षांचा नातू आईस हॉकी खेळू लागला होता, आणि सौ.ला गुडघ्यांपायी प्रवासबंदी. माझी बॅग भरता भरता तिनं हुकूम सोडला, "अहो, त्याचा खेळतानाचा एक फोटो आणा. तोंड दिसलं पाहिजे."

तसा हा खेळ आपल्या देशाला अगदीच परका नाही. लडाखात तळी गोठली की पोरं काठ्या घेऊन उतरतात. २०२५ साली आपल्या मुलींनी आशिया चषकात कांस्यपदकही आणलं. खराडीत मात्र बर्फ म्हणजे गोळा, नाहीतर उसाच्या रसातला.

तेव्हा तालीम इथंच सुरू केली. मुलानं फोनवर बजावलं, "बाबा, बर्फ कॅमेऱ्याला फसवतो." कॅमेरा म्हणे समोरचं सगळं जग करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. (आमच्या कचेरीतले हेडक्लार्कही असंच धरून चालत.) त्यामुळे शुभ्र बर्फ राखेसारखा उमटतो. उपाय, तो मागेल त्याच्या जवळजवळ दुप्पट उजेड द्यायचा. मी गॅलरीत पांढरी चादर टांगून आठ दिवस तिचे फोटो काढले. शेजारीण म्हणाली, "काका, चादर विकायला काढलीत का?"

पुढचा धडा वेगाचा. यात चेंडू नसतो, कडक रबराची चकती असते. तीन इंच रुंद, एक इंच जाड. कॅरमच्या सोंगटीची थोरली बहीणच. उसळू नये म्हणून तिला आधी गोठवतात. तिच्यामागे कॅमेरा फिरवण्यात अर्थ नाही, ती जिथं येणार तिथं दबा धरायचा आणि सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शात काम उरकायचं. पार्किंगमध्ये चाकांचे स्केट्स घालून फिरणारी पोरं जमवली, दोन कुंड्यांमध्ये वॉचमनला गोलकीपर केलं. पण कॅमेरा दिसला की तो सावधानमध्ये उभा राही आणि चेंडू खुशाल आत जाई.

ब्रॅम्प्टनला मैदानाभोवती पारदर्शक भिंत. चकतीच्या मारानं तिच्यावर ओरखडेच ओरखडे. भिंग तिला अगदी चिकटवून धरलं की ते नाहीसे होतात, मात्र पलीकडून एखादं पोर येऊन आदळलं की कॅमेरा आपल्या नाकाची विचारपूस करतो. बाकीची पोरं मिनिटामिनिटाला बदलत होती, तेही खेळ न थांबता. आमचा नातू गोलकीपर, म्हणजे एका जागी. पण प्रत्येक तोंडावर तारेची जाळी! पहिले फोटो खराडीला धाडले, तर सौ.चा प्रश्न आला, "यातला आपला कोणता?"

गोलकीपरच्या आजोबांची आणखी एक पंचाईत असते, ती कुठल्या पुस्तकात नाही. नातवानं चकती अडवली की ती पायाखाली किंवा हातमोज्यात गडप होते; फोटोत नुसतं गाठोडं पडलेलं दिसतं. गोल झाला की मात्र सगळं कसं झकास! जाळ्यात चकती, समोरच्यांचे हात वर, बर्फाचा तुषार. त्या दिवशी पाच गोल झाले आणि पाचही फोटो लख्ख आले. रात्री जेवताना नातवानं ते एकेक करून पाहिले. मग हळूच म्हणाला, "आजोबा, मी अकरा वाचवले होते."

मी ते पाचही तिथल्या तिथं पुसले. मुलगा हळहळला, नातू काही बोलला नाही. दुसऱ्या पोळीला मात्र नाही म्हणाला नाही.

पुढच्या सामन्याला मी चकतीकडे पाहिलंच नाही. गोलकीपरची पाण्याची बाटली गोलाच्या जाळ्यावर ठेवलेली असते. खेळ थांबला की तो मुखवटा वर सारून दोन घोट घेतो. तेवढ्या दोन घोटांसाठी मी तासभर एका जागी उभा होतो. तिसऱ्या खेपेला जमलं. गाल लाल, कपाळाला घामानं चिकटलेले केस, आणि नजर थेट माझ्याकडे.

फोटो खराडीला पोचला तेव्हा तिथं सकाळ होती. लगेच फोन आला.

"अहो, एवढ्या बर्फात गार पाणी कशाला पितोय तो?"