पार्टिशन

पार्टिशन या शब्दाशी माझा पहिला संबंध आला तो बोरिवलीच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये, माझं लग्न ठरलं तेव्हा. वडिलांनी सुतार बोलावून बाहेरच्या खोलीच्या मध्यावर प्लायवुड ठोकलं. अलीकडे आई-वडील आणि दोन बहिणी, पलीकडे आम्ही दोघं. आमच्या वाट्याला रेडिओ आला, पंखा नाही. त्यामुळे गेल्या रविवारी मुलुंडचा भाचा माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायला बसला आणि म्हणाला, "मामा, आधी पार्टिशनं ठरवू," तेव्हा मी सवयीनं विचारलं, "पंखा कुणाकडे?"

डिस्क 250 जीबीची. रूटला, म्हणजे खुद्द सिस्टिमला, 40. स्वॅपला 8, मेमरीत मावेनासं झालेलं सामान तात्पुरतं ठेवायची ती जागा. (पाहुणे आले की आमची ट्रंक शेजारच्या काकूंकडे जायची, तसंच.) उरलेलं जवळजवळ सगळं होमला.

जागेची ही रड जुनीच. युनिक्स 1969 साली बेल लॅब्जमध्ये जन्मलं. पुढे सिस्टिम पहिल्या डिस्कवर मावेना, तेव्हा वापरणाऱ्यांच्या फायलींसाठी असलेल्या 'यूएसआर'मध्ये तिनं पाय पसरले. ती आजही तिथंच आहे. मूळ रहिवाशांनाच 'होम'मध्ये हलावं लागलं. आमच्याकडेही आठ दिवसांसाठी आलेले एक काका अकरा वर्षं राहिले होते!

"पण होम वेगळं कशाला? वेगळं व्हायचं म्हटलं की आमची आई जेवत नसे."

"मामा, उद्या सिस्टिम बिघडली तर रूट पुसायचं आणि नव्यानं टाकायचं. होम तेवढं फॉरमॅट करायचं नाही. आतलं जसंच्या तसं राहतं."

मी गप्प झालो. आतलं म्हणजे हिचे फोटो. तिला जाऊन चार वर्षं झाली.

"आणि डिस्कच गेली तर?"

"मग होमही गेलं. पार्टिशन म्हणजे काही तिजोरी नव्हे. एक प्रत बाहेर ठेवायची." ती प्रत आता मुलुंडला असते.

पुढच्या महिन्यात आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटसाठी पाडणार. नव्या जागेत दोन खोल्या जास्त मिळतील. मी मात्र सुताराला बोलावून ते जुनं प्लायवुड आधीच उतरवून घेतलंय. भाचा म्हणाला, "मामा, हे कशाला?"

त्याच्या आतल्या बाजूला हिनं पेन्सिलीनं लिहिलेला दूधवाल्याचा हिशेब आहे. तेवढं फॉरमॅट करायचं नाही.