वाकडं दार

गेल्या शनिवारी लंडनहून कॅन्टरबरीला गेलो होतो. बघायचं होतं कॅथेड्रल, पण अडकलो पॅलेस स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एका दुकानासमोर. सतराव्या शतकातली लाकडी चौकटीची इमारत, चक्क एका अंगाला कललेली! नाव ‘सर जॉन बॉईज हाऊस’, पण लोक ‘क्रुकेड हाऊस’ म्हणतात.

म्हणे, घर कलायला लागलं म्हणून दुरुस्ती केली, तर आतलं धुराडं सरकलं आणि सगळंच आणखी तिरकं झालं. शेवटी आतून पोलादी सांगाडा घालून ते आहे तसंच धरून ठेवलं. आणि दार? ते वाकड्या चौकटीच्या मापाने वाकडंच बनवलं. वास्तू संरक्षित आहे. परवानगीशिवाय हात लावला तर इंग्लंडमध्ये तो गुन्हा ठरतो.

मला तिथे आमची बारा वर्षं जुनी सिस्टीम आठवली. मागच्या वर्षी मी तिच्यात एक ‘छोटीशी’ दुरुस्ती केली आणि दोन दिवस बिलंच निघाली नाहीत. तरी सोमवारच्या मीटिंगसाठी स्लाईड तयार होती: ‘फेकून देऊ, नव्याने लिहू.’

परतीच्या ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडला आणि ती ओळ खोडली. आधी हिचं धुराडं कुठे आहे ते तरी शोधू!